हे खरे आहे काय?

प्रश्न : आमच्या आमदारांचा कार्यअहवाल परवा वर्तमानपत्राच्या घडीतून घरात आला. सोळा पानं, गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. 'शिक्षण' आणि 'परवडणारे आरोग्य' या दोन मथळ्यांखाली बरंच काही 'मंजूर करून आणलं' आहे. मी शिलाईकाम करते. धाकटा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. शाळेचा पट एकोणीस. दोन खोल्या नव्या आहेत, मास्तर मात्र एकच. सासऱ्यांना साखरेचा आणि बीपीचा त्रास, त्यात आता एक ऑपरेशन सांगितलंय, ते योजनेत 'बसत नाही' म्हणे. यातलं आमदारांनी केलेलं किती आणि आपोआप झालेलं किती? आणि त्यांना विचारायचंच झालं तर काय विचारावं?
– एक वाचक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र (गावाचं नाव छापू नये, ही विनंती)

उत्तर : गावाचं नाव छापत नाही. तुम्ही पाठवलेली पानं मात्र दोनदा वाचली, आणि ती वाचताना विधानसभेतल्या छापील प्रश्नांच्या याद्या आठवत राहिल्या. त्या याद्यांची भाषा ठरलेली असते. आमदार विचारतात, 'अमुक तालुक्यातील शाळांच्या वर्गखोल्या मोडकळीस आल्या आहेत, हे खरे आहे काय?' मंत्र्यांच्या नावानं उत्तर येतं : 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', किंवा सगळ्यांचं लाडकं, 'प्रश्न उद्भवत नाही'. तुमच्या आमदारांच्या अहवालाला याच भाषेत उत्तर द्यायचं तर ते 'अंशतः खरे आहे' असं येईल. अंश केवढा, ते शोधायला थोडं खोलात जावं लागेल.

आधी पेन्सिल घेऊन अहवालातल्या क्रियापदांखाली रेघा मारा. 'लोकार्पण केले' म्हणजे इमारत बांधून झाली होती, फीत कापली. 'प्रयत्नशील आहे' म्हणजे झालेलं नाही. 'पाठपुरावा केला' म्हणजे पत्र दिलं. ते एक असेल, नाहीतर वर्षभर मंत्रालयाच्या जिन्यावर झिजवलेल्या चपलाही असतील, शब्द एकच. राहिलं 'मंजूर करून आणले'. हे क्रियापद सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे, कारण त्यामागे निदान तीन वेगवेगळ्या थैल्या असतात.

पहिली थैली आमदार निधीची. कागदोपत्री तिचं नाव आमदार स्थानिक विकास कार्यक्रम. २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ही रक्कम आमदारामागे वर्षाला चार कोटींवरून पाच कोटी झाली. हे पैसे आमदारांच्या खात्यात जात नाहीत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. आमदार काम सुचवतात, जिल्हा नियोजन कार्यालय प्रशासकीय मान्यता देतं, मग बांधकाम खातं किंवा जिल्हा परिषद अंदाजपत्रक करून ठेकेदाराकडून काम करून घेते. दुसरी थैली जिल्हा वार्षिक योजनेची. तिच्या तोंडाशी जिल्हा नियोजन समिती बसते आणि समितीच्या खुर्चीत पालकमंत्री. तिथे आमदाराचं वजन किती, हे तो कोणत्या बाकावर बसतो यावर ठरतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरी थैली खात्यांच्या अर्थसंकल्पाची, म्हणजे शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण यांची. ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत, उपजिल्हा रुग्णालयाचा दर्जा असली मोठी कामं इथून येतात.

तुमच्या शाळेच्या दोन खोल्या पहिल्या थैलीतून आल्या आहेत. भिंतीवर संगमरवरी पाटी असेलच. त्या खोल्या खऱ्या, आणि त्यासाठी आमदारांना श्रेय द्यायला हरकत नाही. त्याच पैशांत त्यांना आणखी एक स्वागतकमान उभी करता आली असती. पण या निधीतून मालमत्ता उभी राहते. वर्षानुवर्षं चालणारा खर्च, पगार, रोजची औषधं त्यातून भागवता येत नाहीत. म्हणून महाराष्ट्रभर असं दृश्य दिसतं : खोल्या दोन, मास्तर एक. मास्तर पहिली-दुसरीला एका खोलीत बसवतात, तिसरी-चौथीला दुसऱ्या, आणि दिवसभर व्हरांड्यातून येरझाऱ्या घालतात. खोली वाढली तशी त्यांची पायपीट वाढली.

मास्तर कुठून येतो? इथे आमदारांचा हात थेट पोचत नाही, आणि अहवालात हे कधीच लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा १९६१ च्या कायद्यानुसार जिल्हा परिषदेच्या हाती आहेत. विधानसभेचा आमदार जिल्हा परिषदेचा सदस्य नसतो. शिक्षकभरती २०१७ पासून पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत बदल्याही संगणकावर गेल्या. अवघड क्षेत्र, सोपं क्षेत्र, सेवेची वर्षं यांचा हिशेब यंत्र करू लागलं. त्याआधी मे महिन्यात आमदारांच्या दारात बदलीवाल्यांची रांग लागायची. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींनी एकाच बदलीसाठी दोन विरोधी पक्षांच्या आमदारांची शिफारसपत्रं जोडली होती आणि बदली तिसऱ्याच गावी झाली. ती रांग आता बरीच ओसरली आहे.

शाळेला मास्तर किती, हे संचमान्यतेत ठरतं. हा शब्द तुमच्या उपयोगाचा आहे, तेव्हा तो नीट समजून घ्या. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर शिक्षकांची पदं मंजूर होतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. एकोणीस मुलांनाही दोन. राज्यानं मात्र १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांची पदं कमी होणार म्हणून शिक्षक रस्त्यावर उतरले. त्याच्या आधल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, विसापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचं परिपत्रक निघालं होतं. अशा शाळांचा आकडा तेव्हा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जात होता. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत दाखवलं गेलं. तुमचा पट एकोणीस आहे, म्हणजे तुमची शाळा नेमकी या रेषेच्या खाली. आमदारांनी दोन खोल्या ज्या शाळेला दिल्या ती शाळाच सरकारच्या यादीत राहणार की नाही, याविषयी सोळा पानांत एक ओळ नाही. मला विचाराल तर अख्ख्या अहवालातली सगळ्यांत मोठी बातमी ही न छापलेली ओळ आहे.

तारखेची एक गंमतही पाहा. तुमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात. बीडकडची ती पोरं फडाजवळच्या शाळेत येऊन बसतात, पण ३० सप्टेंबरला ती तिथे नव्हती. मोजणीत ती गावाकडच्या पटावर असतात आणि वर्गात तुमच्या. म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मास्तरांपुढे बसलेली मुलं आणि कागदावरची मुलं यांचा मेळ बसत नाही. हे बदलायला एक शासन निर्णय पुरेसा आहे, एका पैचा आमदार निधी लागत नाही. पण त्यावर संगमरवरी पाटी लावता येत नाही.

जिल्हा परिषदेला विचारावं म्हटलं तर तिथे गेली काही वर्षं कोण होतं? २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. गावातल्या बाईला आपला जिल्हा परिषद सदस्य गाठता येत होता; प्रशासक गाठता येत नव्हता. मग सगळा भार आमदारांवर आला. नळाची तोटी, मास्तर, केस पेपर, सगळ्याला आमदार. त्यांनाही ते आवडू लागलं असावं. अहवालाची पानं फुगली त्याचं एक कारण हे.

जाता जाता, पान सहावर ज्या 'शिक्षक आमदारां'सोबत तुमच्या आमदारांचा फोटो आहे, ते वेगळे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या मतदारसंघातून भरल्या जातात. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार तिथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतल्या शिक्षकांनाच आहे. तुमच्या मुलाचे मास्तर प्राथमिकचे. त्यांना शिक्षक आमदार निवडण्याचा अधिकारच नाही. शिक्षक आमदारांची भाषणं खासगी शाळांच्या अनुदानाच्या टप्प्यांवर जास्त आणि चौथीच्या वर्गावर कमी का असतात, याचा थोडा उलगडा यातून होतो.

आता आरोग्याचं पान. वर ठळक अक्षरांत 'पाच लाखांपर्यंत उपचार मोफत' असं आहे आणि शेजारी आमदार एका आजोबांचा हात हातात घेऊन उभे आहेत. योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ते पाच लाख झालं आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही दार उघडलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. यात तुमच्या आमदारांचा वाटा इतर २८७ जणांइतकाच. तो शून्य नाही, कारण पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि अर्थसंकल्पाला हात त्यांनी वर केलेला असतो. पण अहवाल वाचून पाच लाख त्यांनी घरून आणले असं वाटतं.

'बसत नाही' हा शब्द मात्र महत्त्वाचा. लोकांना वाटतं की पाच लाखांचा खिसा आहे, आजार कोणताही असो. तसं नाही. योजनेत उपचारांची यादी आहे. प्रत्येक उपचाराला ठरलेला दर आहे. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे, उपचार यादीत असला पाहिजे आणि आधी परवानगी आली पाहिजे. तिन्ही जुळलं तर 'बसतं'. काही वेळा एका रुग्णालयात न बसलेलं दुसऱ्यात बसतं, कारण पहिलं त्या विशिष्ट उपचारासाठी नोंदलेलंच नसतं. म्हणून 'बसत नाही' हे खिडकीवरचं वाक्य ऐकून घरी परतू नका. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. त्याला नेमकं विचारा की यादीत नाही की या रुग्णालयात नाही. १५५३८८ या क्रमांकावर फोन करूनही हे कळतं. दोन्हींत फरक एका एसटी तिकिटाचा असू शकतो.

सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या मात्र यात बसणारच नाहीत. ही योजना मुख्यतः भरती झालेल्यांसाठी आहे. साखर, बीपी, थायरॉइड, महिन्याची चिठ्ठी, हे तिच्या बाहेर. आणि घराला भोकं पाडणारा खर्च तोच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घसरण मोठी आहे, नाकारू नये. पण शंभरातले जवळजवळ चाळीस अजूनही आपल्याच कनवटीचे, आणि त्यातला मोठा भाग औषधं आणि बाह्यरुग्ण तपासणीचा.

गोळ्यांसाठी तुमच्याजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरचे पैसेही घेत नाहीत. (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, महापालिकांची तिसऱ्यांची. पिवळ्या इमारतीला जो तो 'सिव्हिल' म्हणतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.) प्रश्न फुकट मिळण्याचा उरलेला नाही, साठ्याचा आहे. मोफत गोळी कपाटात नसेल तर ती बाजारातल्या गोळीपेक्षा महाग पडते, कारण त्या दिवसाची मजुरीही बुडते. तुमच्या शिलाईचंही तेच.

आणि साठ्याचा प्रश्न थेट तुमच्या आमदारांच्या अंगणातला आहे. २०१७ पासून सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत होती. तक्रारी वाढल्या, मग २०२३ मध्ये विधिमंडळानं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. कायदा सभागृहात झाला. तुमच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात काय आहे आणि काय नाही हे प्राधिकरणाला विचारण्याची जागा तेच सभागृह आहे. फीत कापण्याच्या फोटोऐवजी मला या पानावर एवढंच वाचायला आवडलं असतं : अमुक तारखेला औषधांच्या साठ्यावर प्रश्न विचारला, मंत्र्यांनी असं उत्तर दिलं, ते आम्हाला पटलं नाही.

अहवालात शेवटी 'वैद्यकीय मदत' म्हणून शिफारसपत्रांचा आकडा आहे. या पत्रांबद्दल माझा एक अनुभव सांगतो. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या बायकोला एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं होतं. नाव कशाला हवं. खिडकीवरच्या मुलीनं अनामत मागितली. आम्ही धर्मादाय योजनेचं विचारलं तर 'खाट शिल्लक नाही' म्हणाली. योजनेचा फलक भिंतीवर होता, पण त्याच्यापुढे रबराच्या झाडाची भलीमोठी कुंडी ठेवलेली. पानं बाजूला सारून मी वाचत उभा होतो, तेवढ्यात रखवालदाराच्या मेहुण्यानं गावाकडच्या आमदाराच्या पीएला फोन लावला. वीस मिनिटांत खाट शिल्लक झाली. पीएचे सगळ्यांनी आभार मानले, मीही मानले. त्या वर्षीच्या कुठल्यातरी कार्यअहवालातल्या आकड्यात आमची ती खाट नक्की असेल.

पण फलकावर लिहिलं होतं ते कायद्यानं आधीच तिच्या हक्काचं होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ एए हे कलम आणि त्याखाली उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेली योजना सांगते की धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, धोका टळेपर्यंत उपचार करायचे, अनामतीसाठी अडवायचं नाही. रुग्णालयाच्या बिलांतले दोन टक्के याच कामासाठी वेगळे काढायचे. यात 'आमदारांचे पत्र आणावे' असं कलम कुठेही नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पुरते. जिथे पत्राशिवाय खाट मिळत नाही तिथे आमदार मदत करतो हे खरं, आणि तिथे कायदा चालत नाही हेही खरं. अहवालात पहिलं छापतात.

कायदा चालवायचा ठरवलं तर चालतो, हे आपण २०२० मध्ये पाहिलं. २१ मे रोजी राज्यानं अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांचे करोनाचे दर बांधले : साध्या कक्षात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. पळवाटा निघाल्या, भांडणं झाली, पण बिलाला कमाल आकडा असू शकतो ही गोष्ट लोकांनी पहिल्यांदा पाहिली. साथ सरली तशी ती गेली. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, बिलासाठी मृतदेह अडवायचा नाही. दर सांगायचा, एवढंच. किती असावा यावर बंधन नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, डॉक्टर संपावर गेले, तडजोड झाली, कायदा राहिला. रुग्णालयं आणि दवाखाने हा विषय घटनेत राज्यांच्या यादीत आहे. म्हणजे या बाबतीत दिल्लीकडे बोट दाखवायची सोय मुंबईतल्या सभागृहाला नाही. शिक्षणात ती थोडी आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत गेलं.

इथवर आलात तर एक जुनी गोष्ट ऐका. १९२७ साली डॉ. आंबेडकर मुंबई विधिमंडळात नेमलेले सदस्य होते. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले : दरडोई शिक्षणावर खर्च चौदा आणे, आणि दारूवरच्या करातून दरडोई वसूल दोन रुपयांहून जास्त. त्यांच्या हाताशी आमदार निधी नव्हता, फीत कापायला खोली नव्हती. अंदाजपत्रकाची दोन पानं शेजारी शेजारी ठेवली, एवढंच. आजचे आमदार हे करतच नाहीत असं मी म्हणणार नाही. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सभागृहात जेमतेम पंधरा जणांपुढे पोटतिडकीनं बोलणारे आमदार मी नागपूरला पत्रकार कक्षात बसून ऐकले आहेत. त्यांची ती भाषणं त्यांच्याच अहवालांत सापडत नाहीत, कारण भाषणाचा फोटो चांगला येत नाही आणि 'आमच्यासाठी काय आणलं' असं विचारणारे आपण असतो.

आता काय विचारावं. अहवाल काढण्याची सक्ती कोणत्याही आमदारावर नाही. त्यांनी काढलाय, म्हणजे प्रश्नांचं दार त्यांनीच किलकिलं केलंय. खोल्यांबद्दल विचारू नका, आभार माना. विचारा की आमच्या शाळेचा पट एकोणीस आहे, ती समूहशाळेच्या यादीत आहे का आणि असेल तर तुमची भूमिका काय. विचारा की कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगतो, तर आमच्याकडे दुसरं पद संचमान्यतेत आहे का. पद मंजूर असून रिकामं आहे की पदच गेलंय. या दोन्हींची उत्तरं वेगळ्या टेबलांवर असतात. हे शाळा व्यवस्थापन समितीतून विचारलंत तर आणखी बरं. त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, तेव्हा तुम्हाला तिथे जागा मागण्याचा अधिकार आहे. औषधांबद्दल विचारताना तारीख घाला : अमुक दिवशी आरोग्य केंद्रात साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी नव्हती. 'औषधं मिळत नाहीत' या वाक्याला उत्तर 'हे खरे नाही' असं येतं. तारीख आणि गोळीचं नाव असलं की निदान 'अंशतः' तरी लिहावं लागतं.

आणि एक प्रश्न सभागृहाबद्दलचा ठेवा : गेल्या तीन अधिवेशनांत शिक्षण आणि आरोग्यावर तुम्ही किती तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारे) प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना दिल्या, आणि त्यांची उत्तरं काय आली? प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतं. तुमच्या थोरल्या मुलाला मोबाइलवर शोधायला बसवा. एक रविवार जाईल.

पत्र लिहिलंत की दोन प्रती काढा. टपालानं पाठवू नका, संपर्क कार्यालयात स्वतः न्या. तिथला मुलगा 'ठेवून जा ताई, साहेबांना दाखवतो' म्हणेल. एक प्रत ठेवा आणि दुसरीवर पोच मागा : शिक्का, तारीख, सही. शिक्का सापडत नाहीये असं म्हणाला तर बाकड्यावर बसून राहा. शिक्का असतो, बहुतेक वेळा तो टेबलाच्या डाव्या खणात, शिफारसपत्रांच्या कोऱ्या गठ्ठ्याखाली असतो.